अप्पा, सनई कुठं ठेवली होती?

प्रिय अप्पा,

आधी मी माझ्या हातानं काय काय केलं ते सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा ही यादी अर्धीच होती. बासऱ्या एकशे सदतीस. त्यातल्या पहिल्या अकरा बेसूर, त्या आईनं चुलीत घातल्या. घराचे दोन दरवाजे. आईची काठवट. सुजाताचं लिहायचं मेज, त्याचे चारही पाय पाणसळ लावून बघितलेले. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून दिली, त्या तर मोजल्याच नाहीत. तुम्हाला नेलं ती तिरडीही मीच बांधली होती. यातलं काहीच मला कुणी शिकवलं नाही. बघून, मोडून, परत जोडून शिकलो.

आणि या महिन्यात पहिल्यांदाच एक गोष्ट माझ्याच्यानं झाली नाही. सनईची पत्ती. सनईच्या तोंडाशी बसवायच्या, ताडाच्या पानाच्या सात पत्त्या कापल्या, सातही मुक्या! म्हणून लिहायला बसलो.

दचकलात ना? विलासच्या घरात सनईची पत्ती?

तुमची नात सुजाता आता बारा वर्षांची झाली. चार वर्षं माझ्याच बासरीवर शिकली. हिंगोलीला तिला शिकवणाऱ्या बाई उन्हाळ्यात म्हणाल्या, "हिचा दम चांगला आहे. आता जोडीला एखादं पत्तीचं वाद्य द्या. बासरीत फुंक मोकळी जाते, पत्तीत ती अडवून धरायला शिकावी लागते. दोन्ही आलं की मुलगी तयार."

झालं! मला कामच मिळालं. तुम्हाला माहीत आहे, मी अंदाजानं काही करत नाही. बाईंकडच्या क्लॅरिनेटची मापं घेतली, प्लास्टिकच्या पाइपवर शर्टाची बटणं चिकटवून तशीच नळी केली आणि सुजाताची बोटं त्यावर ठेवून पाहिली. करंगळी खालच्या चावीला तीन मिलिमीटर कमी पडत होती. सॅक्सोफोन पितळेचा, पण बाई म्हणाल्या त्याची पत्ती बोरूची, म्हणून त्याची गणती लाकडी वाद्यांतच. तोही तिच्या गळ्यात अडकवून पाहिला. पाच मिनिटांत लेकराची मान वाकली. मग ठरवलं, वर्षभर थांबू, करंगळी वाढेल, क्लॅरिनेट घेऊ.

सुजाता म्हणाली, "पप्पा, मला सनई पाहिजे."

बाईंकडे एक सनईवाले आले होते, त्यांची तिनं ऐकली होती. मी म्हणालो, सनई नाही. "काहून?" मी म्हणालो, तुझ्या आजोबांचा शब्द आहे. ती म्हणाली, "मला तर आजोबा कधी असं बोलले न्हाईत."

तिला कसं सांगू, अप्पा? मी नऊ वर्षांचा होतो. तुम्ही सनई वाजवायचात, किसनमामा दुसऱ्या सनईवर एकच सूर धरायचे. एका लग्नाच्या वेळी मामा तापानं पडले होते, म्हणून सूर धरायला मला नेलंत. शेवटची पंगत उठेपर्यंत सनई थांबवायची नाही, असा तिथला रिवाज. म्हणजे वाजवणारा सगळ्यांच्या मागून जेवणार, तेही गोठ्याकडेला. तिसऱ्या पंगतीला बुंदीचा वास आला आणि माझा सूर तुटला. लग्नघरचा मालक ओरडला, "सूर काहून बंद पडला रे? खायला आलात का वाजवायला?" तुम्ही चालत्या सुरातच सनई तोंडातून काढलीत, माझा हात धरलात आणि निघालात. वाटेत एवढंच म्हणालात, "आजपासून आपल्या घरात सनई न्हाई." आठवड्यानं सांगितलंत, विकून टाकली.

मला किती वर्षं वाटत राहिलं, की मी दम सोडला म्हणून तुमची सनई गेली! तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, पोरा, तुझी चूक नव्हती. का नाही म्हणालात?

सुजाता ऐकेना, तेव्हा मी साक्षीदार गाठायचं ठरवलं. किसनमामा अजून सिद्धेश्वरला धरणाच्या काठी राहतात, आता मासेमारी त्यांचा मुलगा बघतो, ते जाळी विणतात. सुजाताला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि गेलो. म्हटलं, मामा, हिला सांगा तिच्या आजोबांचा शब्द काय होता.

मामांनी जाळं खाली ठेवलं. "कोणता शब्द?"

"सनई सोडल्याचा."

"आरं येड्या," ते हसायलाच लागले, "तुझ्या बापानं सनई कुठं सोडली? त्यानं बोलावणं सोडलं. कुणाच्या दारात बसायचं न्हाई, एवढंच. सनई तर तो मरायच्या आधीच्या बाजारापस्तोर वाजवत व्हता. इथंच, या चिंचंखाली."

मी म्हणालो, ते तर दर बाजाराला औंढ्याला जायचे.

"व्हय. आन् भाजी आणायचा का?"

अप्पा, तुमची रिकामी पिशवी! आई म्हणायची, "बाजाराला जाऊन कोथिंबीर इसरणारा माणूस म्या दुसरा पाह्यला न्हाई." मीही तुम्हाला बोललो आहे. एकदा तर म्हणालो होतो, वय झालं, आता बाजार मी करत जाईन. तुम्ही किती घाईनं नाही म्हणालात!

मी मामांना विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

मामांनी आधी सुजाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तुला कोण सांगनार, विलास? तू बाविसाचा असताना विहारापुढच्या सभेत काय बोलला? ज्याला गुलामी गोड लागती त्यानंच सनई फुंकावी, असं बोलला. लोकानं टाळ्या वाजवल्या. तुझा बाप मागं उभा व्हता. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला, म्हणला, किसन, पोरगं बराबर बोललं. पण आता हिला ठिवू कुठं? विकलीच नव्हती, तवर घरातच कुठं तरी लपवली व्हती. त्या दिसापासून ती माझ्याकडं हाय."

सुजाता हळूच म्हणाली, "पप्पा, तुम्ही असं बोललात?"

हो, बोललो होतो. ते भाषण मी तीन दिवस आरशापुढं पाठ केलं होतं. त्यातला शब्दन् शब्द मला येतो. फक्त मागं कोण उभं होतं, ते मी पाहिलं नव्हतं.

मामांनी आतून सनई आणली. तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, तेल पाजलेली, कुठंही चीर नाही. सुजाताची बोटं मी मोजली नाहीत, अप्पा. तिनं ती आपली आपणच ठेवली. पहिला आवाज निघाला तो शेळीच्या पिलासारखा! मी हसलो तर मामा म्हणाले, "हसू नगं. हिच्या आज्याचा पहिला आवाज म्हशीवाणी व्हता."

सनई घरी आणल्यावर मी कापलेल्या त्या सात पत्त्यांचं काय चुकत होतं, तेही त्यांनीच दाखवलं. मी कॅलिपर लावून दोन्ही बाजू सारख्या घासत होतो. ते म्हणाले, "मापानं न्हाई व्हत. टोकाशी व्हटाला लागंल तितकी पातळ कर, मग तोंडात धरून भिजवत बस. घाई केलीस की मेली." आठवी पत्ती बोलली. पन्नाशीला आलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी काही शिकवलं, अप्पा. ते तुम्ही असायला हवं होतं. चाळीसेक वर्षं आपण एका घरात राहिलो, ताटाला ताट लावून जेवलो, आणि मी तुम्हाला वाजवताना ऐकलं ते फक्त नऊ वर्षांचा होईपर्यंत. ही माझी शिक्षा मीच कमावली.

आता दर रविवारी सुजाता मामांकडं शिकते. बासरी सुटलेली नाही. बाईंना सांगितलं, दुसरं वाद्य ठरलं. आईलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तरीच म्हणलं, चप्पलला चिंचोके काहून चिकटत व्हते."

अप्पा, एक वचन देतो. या घरात यापुढं कुणाला माझ्यापासून लपवून वाजवावं लागणार नाही. उद्या सुजातानं सनई ठेवून तिसरंच काही उचललं, किंवा सगळंच सोडलं, तरी मी भाषण करणार नाही. आधी मागं वळून बघेन, मग बोलेन.

आणि बोलावण्याचं म्हणाल, तर तुमचा शब्द आता मला नीट कळला आहे. परवा आपल्या इथल्या गोरेगावकडचा एक मंडपवाला आला होता. कुणीतरी सुजाताचा व्हिडिओ त्याला दाखवला होता. एका बड्या घरचं लग्न आहे म्हणाला, पोरीला नऊवारी नेसवून सनई घेऊन बसवायचं, फोटो फार छान येतात. मी विचारलं, बसवणार कुठं? तो म्हणाला, "दारात की! सनई आणखी कुठं बसती?" सुजाता आतून बाहेर आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. मी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. एका सकाळचे एकवीस हजार देत होता.

तुमचा,
विलास