पडलेल्या पानांची कार्डं

२९ ऑगस्ट
क्षमावाणीची, एकमेकांची माफी मागायच्या दिवसाची, कार्डं करते म्हणाले आणि कंबर मोडून घेतली. बस्तीतल्या, आमच्या जैन मंदिरातल्या, झाडून सगळ्या बायका, "आम्हालाबी दे की गं!" जिलेटिनची प्लेट ढोकळ्याच्या ताटात घट्ट झालीय. तिच्यावर रोलरनं रंग, रंगावर पान, वरून कागद दाबायचा आन उचलायचा. वाळलं की 'उत्तम क्षमा'चा ठसा. शंभरदा तेच.
सासूबाईंनी दारातूनच बजावलं, "पर्युषण पर्व चाललंय. झाडाचं पान तोडायचं न्हाय. पडलेलं घे." म्हणून राजारामपुरीच्या गल्ल्यांतनं वाकून पानं वेचतेय. बघतात लोक. बघू देत.

३१ ऑगस्ट, रवि.
सासूबाई एकवेळ जेवतात, आवाज खोल गेलाय. हळूच म्हणाल्या, "तारक्कालाबी एक कर. माझ्या नावानं."
तारक्का त्यांची थोरली बहीण, नृसिंहवाडीजवळ असते. आईला शेवटी कुणी सांभाळायचं यावरून भांडल्या, तेव्हापासून एकमेकींचा उंबरा चढल्या नाहीत.
पिंपळाचं पान, जाळीसकट उमटलं. सगळ्यात चांगलं तेच. उद्या ह्यांच्याकडं पोस्टात टाकायला देणार.

३ सप्टें.
मेले मी. सासूबाई प्रत्येक पुडीवरचा हिरवा ठिपका बघितल्याशिवाय घरात काही घेत नाहीत, आणि मी... जिलेटिनच्या पुडीवर किमतीची पट्टी चिकटवलेली. त्यांनी ती नखानं सोलली. खाली तांबडा ठिपका.
"कशाचं असतंय हे?"
मोबाईलवर बघितलं. हाडं, कातडी. मोबाईल तसाच त्यांच्यापुढं धरला.
पानं पडलेली वेचली आणि प्लेट हाडांची! ताट बाहेर, फ्रीज धुतला, ओटा धुतला, राहिलेली कार्डं पिशवीत कोंबली. तारक्काचं तेवढं गेलंय. सासूबाई जेवल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकी दमलेय की रडूही येईना.

८ सप्टें. क्षमावाणी
बस्तीतून आल्यावर घरात सगळ्यांनी एकमेकांना हात जोडले. माझी पाळी आली तेव्हा सासूबाई "दूध उतू जाईल" म्हणत आत गेल्या. गॅस बंद होता.
दुपारी सासूबाईंना तारक्काचा फोन, स्पीकरवर. "सुशे, कार्ड मिळालं गं. देव्हाऱ्यात ठेवलंय बघ." रडत होत्या. सासूबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. फोन ठेवला आणि भिंतीकडं बघत बसल्या.

१० सप्टें.
आज आपणहून बोलल्या. "तसलंच दुसरं कर. जाऊन बदलून यायला लागंल."
मी म्हटलं, "आत्ती, पोस्टानं पाठवू की."
"देव्हाऱ्यातलं काढ म्हणून फोनवर सांगू व्हय तिला? मीच जाते."
चायना ग्रासची प्लेट घातली. शेवाळापासूनची, चारदा वाचून खात्री केली. दुसऱ्याच कागदाला फाटली.

१३ सप्टें., शनि.
उद्या जायचं आणि प्लेट नुसती फाटतेय. खांदे गेले माझे. शेवटी सासूबाई शेजारी येऊन बसल्या, दोन्ही हातांनी कड धरून. पान उमटलं, पण मधोमध भेग.
"ऱ्हाऊ दे. हेच न्यायचं."
खरं सांगणार का तारक्काला, मी विचारलं.
"तिथं गेल्यावर बघू."
ठसा माझ्या हातातून घेतला, स्वतः दाबला. वाटलं, आता तरी माझ्याकडं बघतील. उठून हात धुवायला गेल्या. मी पसारा आवरत बसले.
मग आतून आवाज, "तूबी चल. एकटीनं तिचं दार वाजवायला मला जमायचं न्हाय."
कुठली साडी नेसू, काही सुचेना.