लेबलावर नसलेलं अंडं

प्रिय एल्माताई,

धाकट्या भावाचा तुला आदराने नमस्कार, आणि तुझ्या भावजयीचा, लॉर्नाचाही (तिचा वेगळा लिहायला सांगितलं होतं, पण याच ओळीत जागा उरली). दुलुथचे चढ तुझ्या गुडघ्याला आता सोसतात का? डॉक्टरांनी दिलेली काठी वापरतेस, की अजून दाराआड टांगून पाहुण्यांना दाखवतेस? इकडे आम्ही बरे आहोत. माझं ब्लडप्रेशर गेल्या शनिवारपर्यंत ताब्यात होतं. त्या शनिवारचीच हकीकत कळवायला बसलोय, तेव्हा कॉफी घेऊन बस.

रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चौतीस वर्षं चालवून मी निवृत्त झालो, तेव्हा लॉर्ना म्हणाली होती की आता यापुढे पांढरं काही दिसलं नाही तरी चालेल. त्यानंतर सहा महिन्यांत मी मार्शमेलो करायला लागलो. काम तसं सोपं आहे. जिलेटिन भिजवायचं, साखरेचा पाक थर्मामीटर लावून उकळायचा, दोन्ही मिक्सरमध्ये पंधरा मिनिटं फेटायचं, की भांड्यात ढग फुगत वर येतो. तो ट्रेमध्ये ओतायचा, दुसऱ्या दिवशी चौकोनी कापायचा आणि तुकडे कॉर्नफ्लोअर-पिठीसाखरेत लोळवायचे. (ते कॉर्नफ्लोअर आता टोस्टरमध्ये, माझ्या चष्म्याच्या डबीत आणि लॉर्नाच्या चर्चला जायच्या बुटांतही सापडतं, पण ती तक्रार ती स्वतःच तुला लिहील.)

करणं सोपं, विकणं अवघड. घरी केलेला पदार्थ शनिवारच्या बाजारात मांडायचा तर त्यावर लेबल हवं, आणि त्या लेबलावर काय हवं हे बघायला सरकारी अन्न खात्याच्या डोरीन पेल्टियर नावाच्या बाई येतात. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेल्या. माझं पहिलं लेबल त्यांनी परत केलं, कारण पाण्याचं नाव साखरेच्या आधी होतं. वजनाने जास्त ते आधी, असा नियम आहे. दुसरं परत केलं, कारण वरच्या रंगीत दाण्यांमध्ये स्वतःचेच सतरा घटक निघाले, आणि ते लिहिल्यावर लेबल पुड्याला दोनदा गुंडाळावं लागलं (मी दाणेच काढून टाकले). तिसऱ्यावर एक वाक्य सक्तीचं आलं, की हा पदार्थ घरगुती स्वयंपाकघरात केलेला असून त्या स्वयंपाकघराची सरकारी तपासणी झालेली नाही. ते वाचून लॉर्ना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बेचाळीस वर्षं मी ती फरशी घासतेय, आणि तू पाचशे कागदांवर छापून आणलंस की इथे कुणी तपासलेलं नाही?" मी म्हटलं, कायदाच तसा आहे. त्यावर ती म्हणाली, "मग खाली लिही, लॉर्नाने तपासलंय." एवढी जागा लेबलावर नव्हती.

आता शनिवारकडे येतो. माझा माल थोडा चिवट होतो अशी कुजबुज होती. (आमचे पाळक हॅनिनेन यांनी "पुष्कळ वेळ पुरतात" अशी स्तुती केली होती. माणूस पाळक असला की खोडरबर म्हणत नाही.) म्हणून शुक्रवारी मी पाकात अंड्याचा फेटलेला पांढरा बलक घातला. काय सांगू ताई, उशीसारखे झाले. त्या आनंदात मी शनिवारी पहाटे कापले, पुडे भरले आणि त्यांवर जुनी लेबलं चिकटवली. पाचशे छापली होती ना.

सकाळी दहा पुडे हातोहात गेले. दहावा एका तरुण बाईने घेतला, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. बाईने लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, यात अंडं नाही ना? मी छाती काढून म्हणालो, "बाई, सगळं लिहिलंय. जे लिहिलं नाही ते त्यात नाही." त्या गेल्या. चार मिनिटांनी लॉर्ना मला सँडविच द्यायला आली आणि सहज म्हणाली, "काल डझनभर अंडी होती घरात. गेली कुठे?"

मी पळालो. सत्तर वर्षांचा माणूस, अंगावर पांढरा एप्रन, मागे कॉर्नफ्लोअरचा धुरळा. गाड्या लावायच्या जागेत पोहोचलो तर मुलगी गाडीत बसलेली, पुडा उघडलेला, बोटांत एक मार्शमेलो. तो मी हिसकावला. पुडाही हिसकावला. मुलीने भोकाड पसरलं, आई ओरडली, "ओ आजोबा, वेड लागलंय का?" आणि सॉसेज विकणाऱ्या एका धिप्पाड माणसाने मला एप्रनच्या नाड्यांना धरून मागे ओढलं. पोराच्या हातातला खाऊ चोरणारा म्हातारा म्हणून सगळा बाजार बघत होता. दम इतका लागला होता की तोंडातून एकच शब्द निघे, "अंडं. अंडं."

बाईला कळलं. तिचा चेहराच उतरला. तिने मुलीचं तोंड उघडून पाहिलं, बोटं पुसली, पर्समधून ॲलर्जीचं इंजेक्शन काढून हातात धरून ठेवलं. मुलीने काही खाल्लं नव्हतं. मग ती बाई तिथेच फूटपाथवर बसली, आणि मीही शेजारी बसलो. ताई, बर्फात तीनदा माझी गाडी दरीच्या काठावर घसरली होती, पण असा मी कधी घाबरलो नव्हतो. मुलगी म्हणाली, "मग आता मला काय?" तिला मी भाजलेलं कणीस घेऊन दिलं. कणसाला लेबल नसतं.

मान वर केली तर डोरीनबाई उभ्या. मला वाटलं, संपलं, आता मुक्काम तुरुंगात. त्या म्हणाल्या, "पळालात ते बरं केलंत, मिस्टर लाह्टिनेन. लेबल बदललं असतंत तर पळावं लागलं नसतं. आता बाकीचे पुडे परत आणा."

गाव लहान, त्यामुळे सात पुडे संध्याकाळच्या आत मिळाले. उरलेले दोन पाळकांकडे. ते आधी म्हणाले, एकच घेतला होता. मग म्हणाले, दोन, पण दुसरा आजारी माणसांसाठी. मग केराच्या टोपलीत दोन्ही रिकाम्या पिशव्या निघाल्या. आजारी कुणीही नव्हतं. असे दहाच्या दहा हिशेबात आले, नवीन लेबलावर अंडं ठळक छापलं, आणि या शनिवारी मी पुन्हा उभा राहणार आहे. काळजी नसावी.

तुझा,
आर्विड

ता. क. दहा नव्हते, अकरा होते. (डोरीनबाईंच्या फॉर्मवर अकराच लिहिलेत, लपवलं ते फक्त तुझ्यापासून, वरच्या कागदावर.) अकरावा पुडा तुझ्या वाढदिवसासाठी शनिवारी सकाळीच पोस्टात टाकला. तू खुशाल खा, पण दारावर येणाऱ्या कुठल्याही मुलाला देऊ नकोस. आणि त्याचं लेबल तारीख आणि सही करून मला परत पाठव, त्याशिवाय फॉर्म पुरा होत नाही.

ता. क. २. हे एका फोनमध्ये सांगून झालं असतं. मी शनिवारपासून नऊ वेळा केला. एप्रिलमध्ये तुझ्या वेलदोड्याच्या पावाला मी कोरडा म्हणालो, तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. आता खोटं लिहायची भीती वाटते, म्हणून लिहितो: पाव कोरडा होता. चार तुकडे मी खाल्ले होते, आणि पाचवा रुमालात गुंडाळून घरी आणला होता. रविवारी दोनला फोन वाजेल, तो माझा. उचल. लेबल नाही पाठवलंस तरी चालेल.

ता. क. ३. नाही चालणार. डोरीनबाईंना विचारलं.