ढगाआडचे दोन ठिपके

दक्षिणेचा उबदार वारा सुटलाय, बर्फ सैल होईल, शिखरावर जाऊ नकोस, असं पहाटे तुला ओरडून सांगितलं, तर म्हणालास, "आजी, पाहुण्याची रजा संपतेय!"

लेऑनहार्ड, फोन लागत नाही म्हणून लिहितेय.

मघाशी दुर्बिणीतून दोन ठिपके दिसले. तू पैसे घेऊन शिखरावर नेलेला तो पाहुणा बर्फात बसलेला, तू शेजारी उभा, मधे दोर. मग ढग आला. बचाव पथकाचा अँब्रोस माझ्या स्वयंपाकघरात बसलाय. म्हणतो, "आजी, ढग हटला की हेलिकॉप्टर काढतोच." म्हटलं, "तोवर सूप तरी गिळ, मेल्या."

आपल्या घरातल्या वाटाड्यानं पाहुण्याचा दोर कधी सोडला नाही. तू सोड, असं लिहायचंय. पण तू ऐकायचा नाहीस.

तुझी आजी,
क्रेसेंझ

उत्तर तूच दारात येऊन द्यायचंस. अँब्रोसच्या तोंडून मी काही ऐकणार नाही.