काउंटर नंबर तीनची भवानी

यांगोन, बुधवार

वडीलधाऱ्या दॉ ह्ला यिन यांस (म्हणजे ताईस),

धाकट्या म्या थिनचा गुडघे टेकून तीनदा नमस्कार. टेकायला गुडघे तयार असतात, उठवायला मात्र दोन माणसं लागतात. तुझे कसे आहेत? मोलम्याइनच्या बाजारात तू अजून फळीवर मांडी घालून बसतेस असं कानावर आलं. खोकला थांबला असेल. (चौदा वर्षांत तू कळवलं नाहीस आणि मी विचारलं नाही, तेव्हा फिट्टंफाट.) मी यांगोनला दुकान काढायला निघाले तेव्हा तू म्हणाली होतीस, "भाव चिकटवून ठेवलेल्या दुकानात तुझी भवानी कोण करणार? मी तर त्याची पायरीही चढणार नाही." त्यावर मीही काहीतरी बोलले होते. काय ते आता आठवत नाही (आठवतं, पण लिहिण्यासारखं नाही).

तर निमित्त कालच्या सकाळचं. समोर बड्या लोकांनी दोन मजली दुकान थाटल्यापासून माझं दुकान गार हवेपुरतं उरलं आहे. लोक येतात, घाम सुकवतात आणि समोर खरेदीला जातात. काल ऊ सान ल्विन नावाचे गृहस्थ पाहणीला यायचे होते. त्यांनी भागी घेतली तर हे दुकान टिकणार आणि मंडलेला दुसरं निघणार, नाही तर पावसाळा संपायच्या आत कुलूप. माझी मॅनेजर थिरी सिंगापूरला शिकलेली आहे, तिच्यापुढे मला माझ्याच दुकानात चोरून शिरल्यासारखं वाटतं. तिने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "मॅडम, उद्या ती नोट मालावर आपटत फिरायचं नाही." पहिल्या गिऱ्हाइकाची नोट मालाला लावल्याशिवाय माझा एकही दिवस गेलेला नाही. हल्ली थिरीची पाठ वळली की नुसती बिस्किटांना लावून उरकून घेते.

सकाळी आठला दार उघडलं आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारी आत आली. डोक्यावर बांबूची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडावर मास्क, हातात छत्री. सरळ सुक्या कोळंबीकडे गेली, नखाने पाकीट फोडलं, मास्क उचलून एक कोळंबी तोंडात टाकली आणि म्हणाली, "ही गेल्या पावसाळ्यातली आहे." थिरी म्हणाली, "आजी, भाव पाकिटावर छापलेला असतो." म्हातारी म्हणाली, "मग छापणाऱ्याला बोलव." छापणारी म्हणून मी गेले आणि गोडीने सांगितलं, "मावशी, इथे एकच भाव असतो." ती म्हणाली, "मग दुसरा सांग."

एवढं बोलून ती दाराकडे वळलीसुद्धा. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवसाचं काय होतं, हे तुला सांगायला नको. मी तिला हाताला धरून काउंटर नंबर तीनवर आणलं आणि तिथे आमची अर्धा तास जुंपली. मागे रांग लागली, रांगेत दोन तट पडले, आणि तिच्या बाजूचे जास्त होते. शेवटी मी एक तृतीयांश भाव उतरवला, तर तिने वर मूठभर मिरच्या मागितल्या. इतकी चिकट, हेकट आणि तोंडाळ बाई मी जन्मात पाहिली नाही (हे तुला म्हणून मोकळेपणाने लिहिते). तिने नोट दिली आणि माझा ताबा सुटला. तांदळाच्या पोत्यांना, शांपूच्या बाटल्यांना, बर्फाच्या कपाटाला, सहाही काउंटरांना, "भवानी, भवानी" म्हणत मी नोट लावत सुटले, आणि शेवटी एका चामडी बॅगेलाही लावली. बॅग सान ल्विनसाहेबांच्या हातात होती. ते आठपासून तिथेच उभे होते.

थिरीने डोळे झाकून घेतले. साहेब बॅगेकडे पाहून म्हणाले, "माझी आई उकडलेले वाटाणे विकायची. टोपलीला अशीच नोट लावायची." सही करतो म्हणाले, पण एका अटीवर: मंडलेच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक म्हणून याच बाई हव्यात. तोवर बाई छत्री विसरून पसार झाल्या होत्या. थिरीने कॅमेऱ्याची फिल्म तीनदा पाहिली, त्यात नुसती टोपी दिसते. अशी कोणी तुझ्या ओळखीत असली तर कळव. दुकान तिच्यावर अडलं आहे.

तुझी धाकटी,
म्या थिन

ता. क. छत्रीच्या दांड्याला निळी सुतळी आहे, आईने गुंडाळलेली. पण मी त्याआधीच ओळखलं होतं. "मग दुसरा सांग" हे मासळीवाल्यांना तूच म्हणायचीस. ओळख दिली असती तर तू तशीच निघून गेली असतीस, म्हणून गप्प राहिले. नंतर कपाटामागे जाऊन रडले. थिरीला वाटलं, मिरच्या फुकट गेल्या म्हणून. कोळंबी खरंच गेल्या पावसाळ्यातली होती.

पुन्हा ता. क. तू बोललेला शब्द मोडलेला नाहीस. माझ्या दुकानाला पायरीच नाही, ट्रॉलीसाठी उतार आहे. मंडलेलाही पायरी करू नका, असं गवंड्याला सांगून ठेवलं आहे. छत्री पाठवत नाही. ती तिथे काउंटर नंबर तीनवर मिळेल.