करपलेली नोट

प्रिय अहो,

दहा मिनिटांत येतो म्हणालात, त्याला या महिन्यात सात वर्षं होतील. एवढ्या वेळात माणूस अख्ख्या शहरातले भाव विचारून, घासाघीस करून, वर चहा पिऊन परत येतो. मला त्या परक्या चौकातल्या बाकावर दोन बॅगा आणि तुमची टोपी सांभाळायला बसवून गेलात. उन्हं उतरली, माझे पाय आखडले, टूरवाला शिट्ट्या मारून दमला. बाकीच्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, येऊ तर देत, अशी झाडते की पुन्हा नाव नको. ते सगळे शब्द अजून तोंडात तसेच आहेत.

पत्र लिहायची मला सवय नाही. चौथीत शाळा सुटली, हे तुम्हाला काय सांगायचं. सून म्हणाली, आई, तुम्ही सांगा, मी लिहिते. म्हटलं, नवराबायकोच्या मध्ये तुझं काय काम?

जायच्या आधी तीन महिने काय डोकं खाल्लं होतंत माझं! बत्तीस वर्षं बसमध्ये सुट्टे पैसे मोजलेला कंडक्टर, रिटायर झाल्यावर जगाचे पैसे मोजायला निघाला. मी दुकानात लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतेय, आणि तुम्ही टेबलाच्या पलीकडून धडे देताय. विमानतळावर पैसे बदलायचे नाहीत, तिथे अडलेल्याला कापतात. बदललेच तर टॅक्सीपुरते. हॉटेलात तर नाहीच नाही. दुकानाच्या पाटीवर दोन आकडे असतात, घ्यायचा आणि द्यायचा; दोघांत अंतर कमी तेवढा दुकानदार सरळ. ‘कमिशन नाही’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर समजायचं, भावातच हाणलंय. आणि कार्डाच्या मशिनने विचारलं, तुमच्या देशाच्या पैशात घेऊ की आमच्या, तर त्यांच्याच म्हणायचं. आपल्या म्हटलं की तो मनाला येईल तो भाव लावतो. मी म्हटलं, मला काय करायचंय, मी तुमच्या मागे उभी राहणार. तर म्हणालात, अगं, उद्या मी नसलो तर? असलं अभद्र बोलायची हौस तुम्हाला पहिल्यापासूनच.

मुलगा आणि सून मागच्या वर्षी बाहेर फिरायला गेले, तेव्हा मी हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांचे बरेच पैसे वाचले. मुलगा म्हणाला, आई, बाबाच बोलल्यासारखं वाटलं. मी आत गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

त्याच्या फोनवर त्या देशाच्या पैशाचा रोजचा भाव येतो. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी मी तो विचारते. तो कटकट करतो, पण सांगतो. तिथून मला येणारी तेवढीच एक बातमी. आकडा थोडा हलला की वाटतं, तिकडे कुणीतरी कूस बदलली. सुट्टीच्या दिवशी आकडा हलतच नाही. मग माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. गेल्या महिन्यात अशाने लोकांचे तीन शर्ट करपवले आणि भरून दिले.

आणि तुम्ही दिसता. आपल्या बाजारात पैसे बदलायचं दुकान निघालंय, त्याच्या काचेत. माझ्या मागे रांगेत, खिशात हात घालून, ओठ हलवत आकडेमोड करताना. वळले की दुसराच कोणीतरी असतो आणि म्हणतो, मावशी, जरा पुढे सरकता का? मला ना काही बदलायचं असतं, ना कुठे जायचं असतं. काउंटरवरची मुलगी आता काही विचारत नाही, पाण्याचा ग्लास पुढे करते.

लोक विचारतात तेव्हा मी सांगते, भावाच्या हव्यासापायी गेले, दोन पैसे जास्त मिळतील म्हणून. मुलालाही हेच सांगितलंय. खरं काय ते आपल्या दोघांनाच ठाऊक. घडी पडलेल्या नोटेला तिकडे कमी भाव देतात म्हणालात, म्हणून मी फडकं टाकून सगळ्या डॉलरच्या नोटांवर हलकी इस्त्री फिरवली. शंभराच्या एका नोटेला टोक लागलं, कोपरा तपकिरी झाला. मी ती मध्ये सरकवली आणि गप्प बसले. तिथल्या काउंटरवाल्याने नेमकी तीच काढली आणि चिमटीत धरून सगळ्यांदेखत परत केली. आपल्या टूरमधल्या दाताच्या डॉक्टरची ती बायको फिस्सकन हसली. तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलंत. म्हणालात, असू दे गं, राहिली तर राहिली. चार आण्यांसाठी प्रवाशाला डेपोपर्यंत नेणारा माणूस म्हणतो, राहिली तर राहिली! ती दयाच मला झोंबली. मी भर रस्त्यात ओरडले, बापाची पेंड आहे का? घड्याळाच्या मनोऱ्यामागे एकजण खराब नोटा घेतो म्हणतात, जा, बदलूनच या, नाहीतर मला तोंड दाखवू नका.

नाही दाखवलंत. माझ्या शब्दाला एवढं जागायला कोणी सांगितलं होतं?

पोलिसांनी ते दुकान शोधलं. नोट बदलली होतीत, पावतीवर तुमची सही होती. दुकानदार म्हणाला, भाव चांगला दिला म्हणून हसत बाहेर पडले आणि डावीकडे वळले. मी उजवीकडे बसले होते. डावीकडे बसस्टँड आहे. दवाखाने पालथे घातले, मुलगा दोनदा जाऊन आला, काही हाती लागलं नाही. तेव्हापासून मी ते एक वळण घोळवतेय. रस्ता चुकलात, की तेव्हाच काय तो बरोबर धरलात?

गेल्या महिन्यात भर दुपारी फोन आला. लांबलचक नंबर. पलीकडे कोणी बोलेना, नुसतं नोटा मोजायचं मशीन फर्रर्र चाललेलं. मी म्हटलं, अहो? मशीन थांबलं. मग फोन बंद झाला. मुलगा म्हणतो, फसवणारे असतात, उचलत जाऊ नकोस. फसवणारा गप्प कशाला बसेल?

म्हणून हे पत्र, एक प्रत आपण उतरलो त्या हॉटेलवर, एक त्या दुकानावर. वकील म्हणतो, सात वर्षं माणसाचा पत्ता नसला की कोर्टात अर्ज करता येतो, मग तो गेला असं धरतात. घर तुमच्या नावावर आहे, छत गळतंय, आणि त्या कागदाशिवाय बँक कर्ज देत नाही. पोराचा दोष नाही, पाच वर्षं त्याने बादल्या ठेवून काढली. सही माझी लागते. ‘माझे पती हयात नाहीत असे मी मानते’ असं त्यावर टाइप केलंय. मी वाचलं, दोनदा वाचलं, पेन परत केलं. माझ्या जिभेला कंटाळून डावीकडे वळला असाल तर तसं लिहा. मी न्यायला येणार नाही, कोणाला सांगणारही नाही, खालमानेने ऐकून घेईन. पण जिवंत माणसाला माझ्या हाताने मारायला लावू नका. एकदा घालवलंय तेवढं पुरे. पुढच्या महिन्यात सोळा तारखेला सकाळी अकराला वकिलाकडे जायचंय. पंधरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे. आत कोरा कागद घातलात तरी चालेल, वरचा पत्ता मात्र तुमच्या अक्षरात हवा.

तुमचीच,
अगं