मायच्या गालातली कळ आणि लाल विंचू

४ जून १९९८, सकाळी ७
आजपासून रोज लिहिणार. संशोधकाला शिस्त हवी.

काल धाकट्या भावाचा, अंकुशचा, आर्वीहून फोन. मायच्या गालात करंट मारल्यासारखी कळ येते, घास चावला तरी. निदान मी फोनवरच केलं: ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया. चेहऱ्याच्या नसेतले सोडियम चॅनल, म्हणजे ज्यांच्या उघडण्यानं नस पेटते ती सूक्ष्म दारं, बिघडलेत. सोडियम चॅनल हा तर माझाच विषय. लाल विंचवाच्या विषातून ते बंद करणारं टॉक्सिन मी काढतोच आहे. जया म्हणाली, सेवाग्रामच्या ओपीडीत दाखवून आणू. बायकोला रिसर्च कळत नाही. साध्या गोळ्यांनी नुसती झोप येते. अंकुशला बजावलं, थांबा, दिवाळीपर्यंत औषध तयार.

२० जून
बरण्या कमी पडल्या. सगळे विंचू एकाच टबात ठेवले.

२१ जून
टबात एकच विंचू. चांगला जाडजूड झालाय.

१७ ऑगस्ट
बेडकाच्या नसेला विष दिलं. नस शांत होण्याऐवजी तडतडतच राहिली. म्हणजे हे टॉक्सिन चॅनल उघडं ठेवतं. दिशा उलटी, पण चॅनल तेच. अर्धं यश म्हणायला हरकत नाही. पोळ्याला घरी जायचं ठरवलं होतं, पण नेमके तेव्हाच नवे बेडूक येणार आहेत.

३ ऑक्टोबर
दात दुखत असेल म्हणून मायनं आर्वीत दोन दाढा काढून घेतल्या. दाढा चांगल्या होत्या. कळ तशीच. मला विचारलं का नाही म्हणून अंकुशवर चिडलो. तो म्हणाला, तू तं येऊन नाई राह्यला, मंग तिनं कराव काय?

१९ ऑक्टोबर, दिवाळी
आर्वीला आलो. माय अर्धी झाली आहे. बोललं तरी कळ येते म्हणून बोलत नाही. औषध आणलं का, हे तिनं हातानंच विचारलं. संक्रांतीला आणतो म्हटलं. परसात जाऊन रडलो. कामाचा ताण फार आहे.

१५ जानेवारी १९९९
विषाच्या दुसऱ्या भागानं नस एकदम शांत! जयाला पेढे आणायला सांगितले.

१६ जानेवारी
नस आधीच मेलेली होती.

७ मार्च
अंकुशनं मला न विचारता मायला सेवाग्रामला नेलं होतं. डॉक्टरांनी कार्बामाझेपिन दिलं. आठवड्यात कळ थांबली. ही गोळी सोडियम चॅनलच बंद करते. सेकंड इयरच्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवतो.

आज भेटायला आलो. माय ओसरीवर शेजारच्या कौशल्याबाईंना सांगत होती, हे गोळी माह्या पोरानं शोधली, म्हणून तं इतका येळ लागला. अंकुश खाली बघत बसला होता. मग तिनं मला जवळ बोलावलं, गालावरून हात फिरवला आणि विचारलं, तुनंच केली ना बापा?

मी हो म्हटलं.