एकट्यापुरता दगड

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो; खरं म्हणजे डोक्याचा पार भुगा झालाय.

दिवसभर मी कारखान्यात पत्र्यांची ठोकाठोकी ऐकतो आणि घरी आलो की टीव्ही, मिक्सर आणि सासरेबुवांचे फोन (ते असे बोलतात की पलीकडच्या माणसाला फोन नसला तरी चालेल). म्हणून मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीपलीकडे, एक निवांत कोपरा करायचं ठरवलं. रोज संध्याकाळी अर्धा तास, एकट्याने. यापेक्षा जास्त काही मागत नव्हतो गं. तीन बाजूंनी बांबूचा आडोसा, त्यावर वेल, पक्ष्यांसाठी पाण्याचं पसरट भांडं आणि बसायला सपाट दगड. माळ्याने बाक सुचवला, तो मी उडवून लावला. दगड मुद्दाम एकट्यापुरताच घेतला.

पहिल्या संध्याकाळी बसून पाच मिनिटं झाली नसतील, तुझी भावजय येऊन माझ्या कपाळाला हात लावून ताप बघून गेली. मग सासरेबुवा आले. नोकरी गेली असेल तर लपवू नका म्हणाले. आपल्याकडे माणूस एकटा बसला म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंच पाहिजे. मी जीव तोडून सांगितलं की काही झालेलं नाही, मला नुसतं गप्प बसायचंय. त्यावर दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मलाच माझी शंका आली. दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या. सोमवारी सासरे, मंगळवारी मेहुणा, बुधवारी शेजारचे निवृत्त कंपाउंडर (हे तर नाडीही बघतात). मला एकटं वाटू नये म्हणून प्रत्येक जण आपापली प्लास्टिकची खुर्ची घेऊन येतो. वेलीला फुटलेलं पान मी अजून नीट पाहिलेलं नाही, मेहुण्याच्या मुतखड्याचा फोटो मात्र तीनदा पाहिला.

शेवटी परवा माझा तोल गेला. सगळ्या खुर्च्या गच्चीवर नेऊन टाकल्या आणि निक्षून सांगितलं, आडोशात एका वेळी एकच माणूस बसेल आणि त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. सगळे मुकाट्याने हो म्हणाले. आता जरा सुख लागेल असं वाटतंय.

तुझा त्रासलेला,
धाकटा भाऊ

ता. क. : तू शुक्रवारी यायला निघतेयस असं कळलं. तुलाही हिनेच फोन केला असणार. कृपा करून येऊ नकोस, मी ठणठणीत आहे.

आणखी एक ता. क. : पाकिटात घातलेलं पत्र परत काढलंय. काल कामावरून आलो तर दगडावर तुझी भावजय बसलेली. बरं नाही का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुमचाच नियम आहे ना? मग बोलू नका." आजही पाऊण तास झाला, ती तिथंच आहे. मी दोनदा खोकून पाहिलं. बावीस वर्षांत ती अशी कधी बसली नव्हती (तिला तशी सवडच कोणी दिली नव्हती, हे आत्ता लिहिताना ध्यानात येतंय). मला भीती वाटतेय, ताई. शुक्रवारची वाट बघू नकोस, पत्र मिळताच ये आणि तिच्या मनात काय आहे ते काढून घे. फक्त दोघी जरा मोठ्याने बोला, मी आडोशामागेच उभा असेन.